तळ्याचा कागद

शेततळ्यांचे प्लास्टिकचे कागद जोडणं हे केडगावच्या नोहाचं काम. पारनेरच्या बाजूला आसारामअण्णांची डाळिंबाची बाग होती. तिथल्या तळ्याचं पाणी रोज वीतभर उतरत होतं, म्हणून त्यांनी त्याला बोलावलं.

कामाला हात लावण्याआधी नोहा तळ्याभोवती एक फेरी मारायचा. कुठं घसरायची भीती आहे, पडलं तर कुठून निघता येईल, ते बघून घ्यायचा. इथं तीस फूट पाणी होतं. उतारावर शेवाळ. कुंपण नाही, दोर नाही, साधी हवा भरलेली ट्यूबसुद्धा नाही.

"अण्णा, आधी चारी कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर सोडा. ह्यात पडलेलं मानूस वर येत न्हाई. पायच ठरत न्हाई."

"तुला भोक बुजवायला बोलावलंय," आसाराम म्हणाले. "पाच वर्षांत कुनी पडलं न्हाई."

ते बोलत होते तेवढ्यात पलीकडच्या काठावर झुंबरबाई फवारणीसाठी कॅन भरायला वाकली. ती आसारामांकडे रोजंदारीवर होती. आत्ताच गवत कापून आली होती. पाय सटकला आणि ती कॅनसकट आत गेली.

दोघं धावले. झुंबरबाई वर आली, उताराला बिलगली, पुन्हा खाली सरकली. तिनं कमरेचा विळा उपसला आणि कागदात रोवायला हात उगारला.

"ए, विळा टाक!" आसाराम ओरडले. "लाखाचा कागद हाय! फाडू नको!"

"मार विळा, मावशे!" नोहा किंचाळला. "मार!"

झुंबरबाईनं आधी नोहाकडं पाहिलं, मग आसारामकडं.

"न्हाई फाडीत, मालक," ती धापा टाकत म्हणाली, आणि विळा सोडून दिला.

नोहाला पोहता येत नव्हतं. दोर टेम्पोत होता आणि टेम्पो बांधापलीकडं. तो जीव तोडून पळाला. परत आला तेव्हा पाण्यावर फक्त कॅन तरंगत होता. आसाराम काठावर उभे होते.

गावातल्या पोरांनी तासाभरानं तिला बाहेर काढलं. अंगावर चादर घातली गेली, तेव्हा आसाराम नोहाजवळ आले.

"आता आलाच हायस, तर भोक बघून जा."

नोहानं सामान टेम्पोत टाकलं आणि थेट पोलीस चौकी गाठली. जे ऐकलं ते सगळं सांगितलं. हवालदारानं लिहिलं, पाय घसरून मृत्यू. पुढचं लिहायला तयार होईना.

तिसऱ्या दिवशी झुंबरबाईची मुलगी रेश्मा केडगावला त्याच्या दारात आली. बसली नाही.

"तुमी तिथं हुता म्हनं. आई काय बोलली का?"

खोटं सांगावं, असं नोहाला फार वाटलं. पण त्यानं खरं सांगितलं.

रेश्मानं दाराची चौकट धरली.

"आन तिनं त्याचं ऐकलं?"

"व्हय."

पदरानं तोंड दाबून ती पायऱ्या उतरून गेली.