पाठीवरचा लाल ठिपका

मित्रांनो, मला कुणी हातात घेतलं की आधी माझ्याच मनात शंका येते, हा हात कशाला आला असेल? मी एक जुना लाइट मीटर आहे, छायाचित्रकाराच्या मुठीत मावणारा. पोटात काटा आणि डोक्यावर अर्ध्या लिंबाएवढी पांढरी टोपी. मला माणसाच्या हनुवटीपाशी धरलं की चेहऱ्यावर किती उजेड पडतोय ते काटा दाखवतो, आणि त्यावरून कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते ठरतं. कॅमेरा स्वतः मोजायला गेला तर सावळा चेहरा बघून गोंधळतो आणि उगाच उजळवतो. मला मात्र चेहरा गोरा की काळा याच्याशी देणंघेणं नाही. निदान मी तसं समजत होतो.

कर्जत स्टेशनाजवळ अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. मी नवाकोरा तिथे आलो तेव्हा अण्णा मला मऊ फडक्यात गुंडाळून ठेवायचे. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो काढावेत तर अण्णांनीच, असा तालुक्यात लौकिक. "अण्णांच्या हाताला गुण आहे हो, पोरगी कशी उजळ दिसते," असं लोक म्हणायचे आणि अण्णा माझ्याकडे बोट दाखवायचे. मीही फुगून जायचो. पण एक गोष्ट सलत होती. पहिल्याच वर्षी अण्णांनी माझ्या पाठीतला बारीकसा स्क्रू फिरवला होता आणि त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. मालक आहेत, दुरुस्तच केलं असेल, म्हणून मी गप्प बसलो. तिथेच चुकलं माझं.

पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी कपाटात डांबराच्या गोळ्यांच्या शेजारी जाऊन पडलो.

मला बाहेर काढलं ते अण्णांच्या नातीनं, तनयानं. तिला माणसांचे चेहरे टिपायचे होते आणि त्यासाठी मीटर निवडायचा होता. मिहीर नावाच्या मित्राकडून तिनं एक नवा, आकडे दाखवणारा मीटर बघायला आणला होता. पोरगी महासंशयी. मला उलटसुलट करत म्हणाली, "अण्णा, याचा सेल मेला असेल."

"अगं, तीस वर्षं वापरलाय मी."

"तेच म्हणतेय."

शेवटी आम्हा दोघा मीटरांना घेऊन ती कडाव गावाच्या पलीकडच्या वाडीत गेली. अण्णाही हौसेनं सोबत आले. तिथल्या मंगळी नावाच्या मुलीला आपल्या आजीचा, मोतीबाईचा, एक चांगला फोटो हवा होता. मोतीबाई पडवीत बसली, तनयानं मला तिच्या हनुवटीपाशी धरलं, आणि म्हातारी ताडकन उठली.

"ही डबी मी वळखते. हीच पोशाच्या नाकापुढं धरली व्हती. मी नाय बसायची."

"आजी, असं काय गं?" मंगळी म्हणाली.

"भितीवरचा त्यो फोटो आन, मंग सांगते."

फोटोत तरुण मोतीबाई होती आणि शेजारी तिचा नवरा पोशा. दोघांचे चेहरे तांदळाचं पीठ फासल्यासारखे पांढरे.

"माझा नवरा काळा व्हता. त्यो गेला, आन आमच्याकडं त्याचा ह्यो एवढाच फोटो. पोरं इचारतात, ह्यो पावना कोन?"

तनयानं आम्हा दोघा मीटरांना पडवीत एकाच जागी धरलं. माझ्या काट्यानं उजेड निम्माच दाखवला. मग तिनं माझी टोपी तळहातानं घट्ट झाकली. अंधार झाला की काटा शून्यावर थांबायला हवा. माझा शून्याच्याही खाली गेला. तिनं मला उलटं केलं, लाल ठिपका पाहिला आणि अण्णांकडे पाहिलं.

"सेल मेला नाहीये," अण्णा खाली बघत म्हणाले. "स्क्रू मी फिरवलाय. लोकांना मुली उजळ हव्या होत्या. काटा उजेड कमी दाखवायचा, मग कॅमेऱ्यात मी जास्त घ्यायचो. पुढं पुढं मीच विसरून गेलो."

"म्हणजे पोशाच्या वेळीही?"

"सगळ्यांच्याच वेळी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या कौतुकावर मी फुगलो, ते असलं होतं तर!

अण्णांनी नखानं ठिपका खरवडला आणि स्क्रू फिरवून काटा शून्यावर आणला. तनयानं पुन्हा मोजलं. आता आम्ही दोघं मीटर एकच सांगत होतो. मंगळीनं फार विनवलं, तेव्हा कुठे मोतीबाई बसली, तीही माझ्यावरची नजर न काढता. फोटो निघाल्यावर तनयानं कॅमेरा तिच्यापुढे धरला. मोतीबाईनं बराच वेळ पाहिलं. रापलेला काळा रंग, गालावरचं गोंदण, सगळं जिथल्या तिथे होतं.

"हा," ती म्हणाली. "ही मी हाय."

मग तिनं पोशाचा फोटो उचलून अण्णांच्या हातात दिला. "आता ह्याला पन होता तसा कर."

अण्णांनी फोटो घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी पोशाच्या चेहऱ्यावर पडलेला उजेड मी आता कुठून मोजून आणू?

तनयानं मलाच ठेवून घेतलं आहे. पण रोज सकाळी ती मला झाकून बघते, आणि ते मला आवडतं. मित्रांनो, मीटर नवा घ्या नाहीतर जुना, आधी तळहातानं झाकून बघा. काटा शून्यावर आला नाही तर तो कुणी फिरवला ते विचारा. माझा खुशाल संशय घ्या. तो तेव्हाच कुणी घेतला असता, तर मोतीबाईच्या भिंतीवर आज पाहुणा नाही, पोशा असता.