सोमवारची सफाई

माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं ते बैल गेला आणि झोपा केला अशाच वेळी. कॉम्प्युटरमधून उडालेलं परत काढून देणं हा माझा धंदा, गंगापूर रोडवर. खरं सांगतो, मला रडणाऱ्यांची कीव येते आणि उडवणाऱ्यांचा संताप. आधी धडाधड बटणं दाबायची आणि मग तोंड वाकडं करून म्हणायचं, "सर, काहीतरी करा ना."

हर्षल सीपीयू उचलून आत आला तेव्हा त्याचं तोंड अगदी तसंच होतं. मागून दोन बायका आल्या. थोरली लंकाबाई आणि तिची सून प्रतिभा. मखमलाबादकडे यांची गुलाबाची शेती आहे. प्रतिभाचा नवरा महेश एका कंपनीचे सर्व्हर घरी बसून सांभाळायचा. दोन आठवड्यांपूर्वी काम करता करता तो खुर्चीतच गेला. हर्षल त्याचा चुलत भाऊ. हर्षलची आई तो रांगत असतानाच वारली, तेव्हापासून लंकाबाईनेच त्याला वाढवलेलं.

महेशच्या दहाव्याला चौकात फ्लेक्स लावायचा होता. आता फ्लेक्सशिवाय कुणाचा दहावा होतो का? फोटो नीट करायला हर्षल महेशच्या कॉम्प्युटरवर बसला. डिस्कमध्ये जागा शिल्लक नाही असं आलं. त्याने एक भलामोठा फोल्डर पाहिला, आतल्या फाईलींची नावं म्हणजे नुसत्या तारखा आणि आकडे. ऑफिसचं जुनं काहीतरी असेल म्हणून त्याने तो कायमचा डिलीट करून टाकला.

त्यात आरोहीचे व्हिडिओ होते. महेश आणि प्रतिभाची मुलगी, दीड वर्षाची. बाप तिला अंघोळ घालताना, घास भरवताना, खोटं खोटं रागावताना. फोन भरला की महेश सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि फोन मोकळा करायचा. लेकराला नजर लागते म्हणून कुणाला पाठवायचाही नाही. त्याच संध्याकाळी प्रतिभा ते बघायला बसली, तेव्हा कळलं.

"तिला काय आठवणार हो?" प्रतिभा म्हणाली. "बाप कसा बोलायचा ते कळायला तेवढंच होतं."

मी हर्षलकडे असं पाहिलं की तो बूट बघायला लागला. बायकांना बाकावर बसवलं आणि त्याला घेऊन आतल्या खोलीत गेलो.

डिस्क काढून माझ्या मशीनला लावली. त्या फोल्डरच्या जागी शून्यच शून्य. उडालेल्या फाईलचे तुकडे तरी सापडतात, इथे काहीच नाही. मग नोंदी पाहिल्या आणि कपाळावर हात मारला.

या नव्या डिस्कचं असं असतं. डिलीट केलं म्हणजे दारावरची पाटी तेवढी काढली. माणसं घरातच असतात, मला सापडतात. पण डिस्क चपळ राहावी म्हणून कॉम्प्युटरला सांगून ठेवता येतं, आठवड्यातून एकदा पाटी नसलेली सगळी घरं रिकामी करून टाक. महेश या कामातला जाणता, त्याने दर सोमवारची सफाई स्वतः लावून ठेवली होती. हर्षलने शनिवारी डिलीट केलं होतं. सोमवारी सफाई झाली.

"लगेच बंद करून आणला असता तर सगळं काढून दिलं असतं," मी खेकसलो. "चालू कशाला ठेवला गाढवासारखा?"

हर्षलने खोलीचं दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मी त्याच दिवशी आणणार होतो सर. मोठी आई म्हणली, सुतक फिटल्याशिवाय हे घराबाहेर जाणार नाय. दादा गेला त्या जागी दिवा ठेवलेला, पिठावर. कॉम्प्युटर त्याच्या शेजारीच. दादानीच चालू केलेला तो, शेवटचा. म्हणली, दिवा विझू द्यायचा नाय आन् हे बी विझू द्यायचं नाय. लाईट जायची म्हणून फ्रिजचा इन्व्हर्टर काढून याला लावला तिनं. रात्रंदिवस राखत बसली."

माझा राग कुठच्या कुठे गेला. त्या पोराला शिव्या घालणं सोपं होतं. बाहेर जाऊन त्या म्हातारीला काय सांगायचं, ते मला सुचेना.

आम्ही बाहेर आलो. माझा चेहरा पाहूनच प्रतिभाने पदर तोंडाला लावला.

"नाही मिळालं," मी म्हणालो.

लंकाबाई उठून पुढे आली. "भाऊ, एक इचारू? त्यो बंद केला असता तर राह्यलं असतं का? प्रतिभा म्हणत व्हती बंद करा. म्याच करू दिला नाय."

मी आयुष्यात गिऱ्हाईकाशी खोटं बोललेलो नाही. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्याआधीच हर्षल बोलला.

"नाय मोठी आई. सर आत्ताच म्हणले. मी डिलीट केलं, तवाच गेलं. चालू ठेवला काय, बंद ठेवला काय, सारखंच." आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हो ना सर?"

त्याचे डोळे मला हात जोडत होते. मी म्हणालो, "हो मावशी."

लंकाबाईने एवढा मोठा सुस्कारा सोडला. तिच्या अंगावरचं ओझं उतरलं ते मला दिसलं, आणि ते कुठे गेलं तेही लगेच दिसलं. ती हर्षलपाशी गेली. मारेल असं वाटलं. तिने मारलं नाही.

"तुला म्या माह्या पोरासंगं एका ताटात जेवू घातलं," ती म्हणाली. "त्याचं येवढंच उरलं व्हतं रे. आता घरी येऊ नको. तुझं तोंड बघवायचं नाय मला."

"बरं, मोठी आई."

प्रतिभाने डिस्कची पिशवी घेतली आणि सासूला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या. सीपीयू उचलायला हर्षल वाकला, तशी लंकाबाई खालूनच ओरडली, "हात लावू नको त्याला!" मग तो रिक्षापर्यंत मीच नेऊन दिला.