लेस्टरच्या कानातली माशी

ऑगस्ट अर्धा सरला की टॅमरॅकच्या ओढ्यांमधले ट्राउट मासे शहाणे होतात. उन्हाळाभर त्यांच्या डोक्यावरून गळावर बांधलेल्या नाना तऱ्हेच्या खोट्या माश्या गेलेल्या असतात. पिसांच्या, केसांच्या, दुकानातून आणलेल्या, घरी बांधलेल्या. मग ते खडकाच्या सावलीत निवांत पडून राहतात आणि वरून काही पडलंच, तर पाहुण्याकडे बघून न बघितल्यासारखं करावं तसं करतात. अख्खं गाव हात हलवत घरी येतं. अशा दिवसांत एकटा लेस्टर हॉगन ओल्या गवतात गुंडाळलेले दोन ट्राउट घेऊन गावातल्या मोठ्या रस्त्यानं जायचा, आणि तोही इतका सावकाश, की दुकानातून कोणी बघितलं नाही असं होऊ नये.

लेस्टर सॉ मिलमधून निवृत्त झालेला. उंच, जरासा वाकलेला, दिवसाला दहा शब्द बोलला तर खूप. त्याच्याकडे एक खास माशी आहे हे गावाला माहीत होतं, पण ती पाहिलेला माणूस सापडत नव्हता. तो पाण्याकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ फिरवून ती दोरीला बांधायचा, आणि झाडीतून पाचोळा वाजला रे वाजला की तोडून टोपीच्या आत दडवायचा. त्याची बायको डोरीन हिनं ती पाहिलेली होती, पण तिचा कोणाला उपयोग नव्हता. कशी असते म्हणून विचारलं की ती सांगायची, तपकिरी असते, केसाळ असते, सोफा सरकवला की खाली निघतं ना, तसलं काहीतरी.

हे सगळ्यात जास्त झोंबायचं मर्ल टकरला. मर्ल गुरांचा डॉक्टर. त्याचं घर आणि दवाखाना लेस्टरच्या कुंपणापलीकडेच. मर्लला वाचायला आवडे, त्याच्याकडे माश्यांवरची जाडजाड पुस्तकं होती, मासे धरायची भारीतली काठी होती, आणि ऑगस्टमध्ये एक मासा लागत नव्हता. पक्षी बघायचं निमित्त करून तो दुर्बीण घेऊन लेस्टरच्या मागावर जायचा. एकदा तर स्प्रूसच्या झाडावर चढला आणि खाली उतरता येईना. लेस्टरनं त्याला ओळखलं, दोरीला दुकानातली साधी माशी बांधली, संध्याकाळपर्यंत तीच फेकत राहिला आणि जाताना झाडाकडे न बघता निघून गेला. दोघांचं भांडण असं नव्हतं. कुंपणावरून हवापाण्याचं बोलणं व्हायचं. पण माशीचा विषय निघाला की लेस्टरला ऐकू येत नसे.

त्या शनिवारी लेस्टर आणि डोरीन वरच्या हार्लन तळ्यावर गेले होते. डोरीनला माशांचं काही नव्हतं. तिथं फोन लागत नाही आणि वारं गार असतं, म्हणून ती यायची. घडीची खुर्ची मांडून शब्दकोडं घेऊन बसायची. लेस्टर मांडीभर पाण्यात उभा होता. समोरच्या कड्याखाली एक मोठा ट्राउट अधूनमधून वर येत होता आणि पाण्यावर ताटाएवढी वलयं उठत होती. लेस्टरनं काठी मागे नेली, दोर मागे हवेत सरळ होऊ दिला, आणि नेमका तेव्हाच डोंगरावरून वाऱ्याचा झोत आला. दोर पुढे गेला. माशी गेली नाही.

आधी त्याला वाटलं, गांधीलमाशी चावली. कानाला हात लावला तेव्हा हाताला केस लागले. हाक मारल्यावर डोरीननं आधी हातातला शब्द पूर्ण केला, मग येऊन बघितलं. उजव्या कानाच्या वरच्या कडेत गळ रुतला होता, आणि चांगला उलट्या काट्याच्या पलीकडे गेला होता. ओढून निघण्यातला नव्हता. पिकअपमध्ये पक्कड आहे, गळ तोडून टाकू, असं ती म्हणाली. लेस्टरनं कान झाकून घेतला.

"माशीला पक्कड लावायची नाही."

"मग काय कानाला लावू?"

लेस्टरनं कान चाचपला. तो खरंच विचार करतोय हे बघून डोरीननं खुर्ची मिटली.

टॅमरॅकमध्ये माणसांचा डॉक्टर बुधवारचा येतो. इस्पितळ घाटापलीकडे, आणि घाटातल्या पुलाचं काम चाललेलं. बुधवारपर्यंत हे असंच राहू दे, मी एका कुशीवर झोपेन, असं लेस्टरचं म्हणणं. गावात शिरताना डोरीननं गाडी ज्या वळणावर वळवली ते बघून लेस्टरचा चेहरा उतरला. तो आधी चिडला, मग गयावया करू लागला. कोणाकडेही ने पण मर्लकडे नको. दुसरं आहे कोण, असं तिनं विचारलं. शेवटी त्यानं सीटखालून लोकरीचा एक जुना मोजा काढला, तो कानावर चढवला आणि वरून टोपी ओढून घेतली. टोपीखालून मोज्याची टाच खांद्यावर लोंबत होती.

मर्ल दवाखान्यात एकटाच होता. त्यानं मोजा बघितला, लेस्टरकडे बघितलं, डोरीनकडे बघितलं.

"कानाला थंडी वाजते का?"

गळ अडकलाय, डोरीन म्हणाली. मर्लच्या चेहऱ्यावर आधी काही आलं नाही. मग कुठला गळ, हे त्याच्या डोक्यात शिरलं आणि त्यानं खुर्ची दिव्याखाली ओढली. तरी त्यानं रीतसर सांगून पाहिलं, की आपल्याला माणसांवर उपचार करायची परवानगी नाही.

"याला माणूस कोण म्हणतंय," डोरीन म्हणाली.

लेस्टरनं आपली अट सांगितली. जे करायचं ते मोज्याच्या आत हात घालून, न बघता करायचं. अंधारात गायींची वासरं काढतोस तू, हे तर काहीच नाही. मर्ल म्हणाला, वासरू निदान शेवटी बाहेर येऊन तोंड दाखवतं. बराच वेळ घासाघीस चालली. मर्ल दिवा मंद करायला तयार झाला, एक डोळा मिटायलाही तयार झाला. तेवढ्यात डोरीननं मागून येऊन मोजा उपसून काढला.

मर्लनं हात धुतले. गरजेपेक्षा जास्त वेळ धुतले. मग भिंग आणलं, दिवा जवळ ओढला आणि लेस्टरच्या कानावर असा वाकला, की त्याचा श्वास लेस्टरच्या मानेला लागत होता. तो पुटपुटत होता. हरणाचे केस नाहीत. अस्वलाचेही नाहीत. पाय टर्की पक्ष्याच्या पिसाचे, ते ठीक, पण अंगावरचं हे काय. तांबूस, मऊ, पाण्यात पसरेल असं. लेस्टर डोळे मिटून बसला होता. आपलं सगळं अंग उघडं पडलंय आणि वर कोणीतरी भिंग लावून बघतंय, असं त्याला वाटत होतं.

लेस्टरचा आवाज ऐकूनच बहुतेक, मागच्या दारानं मर्लची कुत्री आत आली. क्लेमी. लांब केसांची, तांबूस रंगाची, स्वभावानं गरीब. तिनं लेस्टरला बघितलं, आनंदानं एक गिरकी घेतली, त्याच्याकडे पाठ करून त्याच्या बुटांपाशी बसली आणि शेपूट अलगद त्याच्या गुडघ्यावर ठेवली. मग मान वळवून मागे बघत वाट पाहू लागली.

लेस्टरचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला. बेकनचा तुकडा बोटांत आल्यावर त्याला कळलं आपण काय करतोय, पण तोवर क्लेमीनं तो खाल्लाही होता.

मर्ल सरळ उभा राहिला. त्यानं कुत्रीच्या शेपटीकडे बघितलं. शेपटीच्या टोकाला केस नव्हते. दर वसंतात तिथले केस जायचे. मर्लनं त्याला कातडीचा रोग ठरवलं होतं. त्यावर मलम केलं होतं. तिचं मांस बंद करून तिला उकडलेले जव चालू केले होते, वर माशाचं तेल. गुरंवाल्यांच्या बैठकीत त्यानं या रोगावर भाषण दिलं होतं आणि त्याचं लॅटिन नावही ठेवलं होतं. गावातल्या आणखी चार कुत्र्यांना, केवळ खबरदारी म्हणून, त्याच्या सांगण्यावरून जव चालू होते.

"कुंपणावरून कापत होतास?" मर्लनं विचारलं.

लेस्टरनं मान हलवली. मान हलवल्यावर कान दुखला.

"इतकी वर्षं मी तिला जव घालतोय, लेस्टर."

"बेकन मी देत होतो की," लेस्टर म्हणाला. त्याच्या परीनं तो समजूतच काढत होता.

डोरीन तोंडावर हात ठेवून खिडकीशी गेली होती. तिचे खांदे हलत होते. मर्लनं तिच्याकडे रागानं बघितलं, मग भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे बघितलं, आणि मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की ही गोष्ट गावात सांगायची झाली तर ती दोन्ही बाजूंनी सांगावी लागेल. लेस्टर चोर ठरेल हे खरं. पण आपण काय ठरू? लेस्टरच्याही हे त्याच वेळी ध्यानात आलं असावं, कारण दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि कोणी काही न बोलता तह झाला.

फक्त क्लेमीची माफी मागितली पाहिजे, असा मर्लनं हट्ट धरला. लेस्टरनं तिच्या डोक्यावर हात ठेवून माफी मागितली. मग मर्लनंही मागितली, जवाबद्दल. क्लेमी दोघांचेही खिसे हुंगत राहिली.

गळ काढायचं काम मर्लनं सुरेख केलं. कान बधिर करायला घोड्याच्या सुईतून चिमणीएवढा डोस दिला, गळाचं टोक पुढे दाबून कानातून आरपार काढलं, उलटा काटा तेवढा कापला आणि उरलेला गळ आल्या वाटेनं माघारी घेतला. सगळा वेळ दोघं एकमेकांना बजावत होते. जपून, पंख दुमडेल. तिथं दाबू नको, धागा सुटेल. कान कोणाचा आहे आणि तो कसा आहे, याची चौकशी एकट्या डोरीननं केली. माशी केसालाही धक्का न लागता बाहेर आली. मर्लनं ती तळहातावर घेतली आणि म्हणाला की याची फी म्हणजे ही एकदा फेकायला मिळाली पाहिजे. आज. सूर्य मावळायला अजून अवकाश होता.

क्लेमीला घेऊन तिघं तळ्यावर पोचले तेव्हा वारं पडलं होतं. कड्याखालचा तो मोठा ट्राउट अजून तिथंच होता, अधूनमधून वलय उठत होतं. लेस्टरच्या कानाला जनावरांची गुलाबी चिकटपट्टी होती, तिच्यावर पंजे छापलेले. आणि इथं भांडण जुंपलं. पहिली फेक माझी, ठरलंय, असं मर्ल म्हणाला. लेस्टर म्हणाला, ठरलंय, पण त्या माशावर नाही. तो मासा सकाळपासून माझा आहे. मर्ल म्हणाला, माशी माझ्या कुत्रीची आहे. लेस्टर म्हणाला, केस कुत्रीचे, बांधणी माझी. मर्लनं विचारलं, कोंबडी माझी असेल तर अंडं कोणाचं? लेस्टरनं काठी घट्ट धरली. मर्लनं दुसऱ्या टोकाकडून धरली.

"द्या इकडे," डोरीन म्हणाली आणि काठी घेतली.

तिनं आयुष्यात कधी माशी फेकली नव्हती. चाळीस वर्षं शब्दकोड्यावरून नजर वर करून जेवढं दिसलं तेवढंच तिचं शिक्षण. तिनं बूट न काढता पाण्यात चार पावलं टाकली आणि गोधडी झटकावी तशी काठी झटकली. दोर वेडावाकडा गेला आणि माशी पाण्यावर चपकन आपटली. दोघा पुरुषांच्या तोंडून कळवळून आवाज निघाला. पण माशाच्या लेखी तो नाकतोडा होता, आणि गवतावरून पाण्यात पडणारा नाकतोडा काही बॅले करत येत नाही, तो असाच आपटतो. पाणी फुटलं, एक रुंद सोनेरी पाठ वळली आणि काठी वाकली.

पुढचा वेळ लेस्टर म्हणत होता, दोर सोड, मर्ल म्हणत होता, दोर धर, आणि क्लेमी काठावरून भुंकत होती. डोरीननं तिघांनाही गप्प बसायला सांगितलं. पहिल्यांदा क्लेमीनं ऐकलं. मासा कड्याकडे पळाला तेव्हा डोरीननं पळू दिलं, थकला तेव्हा हळूच आणलं. जणू बाजारात हात सोडून पळालेल्या नातवाला आणत होती. तिच्या पायांशी उथळ पाण्यात तो येऊन कुशीवर टेकला. हाताएवढा लांब होता. लेस्टरनं इतका मोठा ट्राउट या तळ्यात कधी पाहिला नव्हता. डोरीन बघायला वाकली, दोर सैल पडला आणि उलटा काटा नसलेला गळ आपोआप सुटला.

मासा क्षणभर तिथंच राहिला. लेस्टर झेप घ्यायच्या बेतात पुढे झाला. डोरीननं मागे न बघता कोपर आडवं केलं आणि दुसऱ्या हातानं माशाला पोटाखालून जरासं खोल पाण्याकडे ढकललं. तो शेपटीचा एकच फटकारा मारून गेला.

मर्ल मटकन खडकावर बसला. लेस्टर पाण्याकडे बघत राहिला. त्याला राग येईल असं वाटत होतं, पण राग काही येईना. ओले बूट, विस्कटलेले केस आणि लाल झालेलं तोंड घेऊन डोरीन पाण्यातून बाहेर आली, आणि त्याला एकदम जाणवलं की आपण हिला इतकी वर्षं काठावर बसवून ठेवलं आणि एकदाही फेकतेस का म्हणून विचारलं नाही.

"परत फेकू?" तिनं विचारलं.

"फेक की," लेस्टर म्हणाला, आणि दोरीचा गुंता सोडवायला बसला.

सोमवारी दुकानात बातमी आधीच पोचलेली होती, कारण मर्लला अर्धी गोष्ट पोटात ठेवता आली, पण पूर्ण नाही. मासा केवढा होता, हे लोकांनी डोरीनला विचारलं. मी मोजला नाही, ती म्हणाली, तो ओला होता आणि त्याला घरी जायचं होतं. तिच्याकडून काही निघेना तेव्हा सगळे लेस्टरकडे वळले. आणि लेस्टर हॉगन, दिवसाला दहा शब्दांचा माणूस, कॉफीचा कप खाली ठेवून बोलायला लागला. वारं कसं पडलं होतं, दोर कसा वेडावाकडा गेला, माशाची पाठ केवढी रुंद होती, डोरीन पाण्यात कशी उभी होती. हात पसरून दाखवताना त्यानं शेजारच्या बरण्या पाडल्या. मर्ल मधून मधून मान डोलवत होता. माशी कुठली होती, हे विचारायचं त्या दिवशी कोणाला सुचलं नाही. लेस्टर बोलतोय याचंच सगळ्यांना इतकं नवल वाटत होतं.