नऊ दिवस ‘ठीक’

“दोन तास झालं बसलोय. माजी कंबर गेली, आन् ही डॉक्टरीण आत काय करती कुणास ठाऊक. ह्या बाकड्यापेक्षा एस.टी.चं शीट बरं की.”

आमच्या अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई गुरम्मा, माझ्या कानाला तोंड लावूनच पुटपुटत होत्या. त्यांच्या मते हे हळू बोलणं. समोरच्या बाकावरचा म्हातारा गालात हसला. मी पदर सारखा केला. खरं तर अव्वांना कमरेचं काही नव्हतं. कुणी ओळखीचं येऊन बसेल, याची त्यांना धास्ती होती. गल्लीत आम्ही सांगितलं होतं की सिद्धूच्या दाताला दाखवायला चाललोय. दीड महिन्यात त्याचे दात इतक्या वेळा दाखवून झाले होते, की आतापर्यंत बत्तीसच्या बत्तीस नवीन बसले असते. शिवाय एका दातासाठी घरातली चार माणसं रिक्षातून जातात, यावर गल्लीचा विश्वास बसला असेल असं मला वाटत नाही.

सिद्धू माझा धाकटा दीर. वय एकोणतीस. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागाची दुरुस्ती करतो. माग नुसता ऐकून सांगायचा कुठं बिघडलंय ते. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. त्याच्या वह्यांना कव्हरं घालता घालता मीच त्याची पुस्तकं वाचून काढली. माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं असंच, दुसऱ्याच्या दप्तरातलं.

त्या दिवशी तो बाकावर बसतच नव्हता. दारातल्या पेशंटांना नंबर लावून देत होता, पंख्याचा आवाज ऐकून “बेअरिंग गेलंय याचं, मी काढतो की” म्हणत होता. पहाटेपासून त्याचं तोंड थांबलं नव्हतं. महिन्यापूर्वी याच बाकावर तो गोणी टेकवून ठेवावी तसा बसला होता.

“बरा झाला की आता,” आमचे हे म्हणाले. हे म्हणजे मल्लिनाथ, सिद्धूचे थोरले भाऊ. “उगं आलो आज.”

पण सकाळी निघायच्या आधी त्यांनीच मला विचारलं होतं, “गठ्ठ्याची पट्टी कुठं ठेवलीस? असू दे हाताशी.”

हे असं का विचारलं ते सांगते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून सिद्धूची झोप गेली. गेली म्हणजे त्याला नकोच झाली. पहाटे उठून त्यानं शेजारच्या गौसभाईंच्या मागाची मोटर खोलून ठेवली, न विचारता. चादरीवर अख्ख्या सोलापूरचा नकाशा विणणार म्हणाला, तळ्यासकट. रस्त्यात उभा राहून बसगाड्यांना शिट्ट्या मारल्या. अव्वा अडवायला गेल्या तर त्यांना असं काही बोलला, की ते मी लिहिणार नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर चढला आणि वरून भाषण केलं. लोक मोबाईल काढून उभे. ह्यांनी कसंबसं उतरवून घरी आणलं.

घरामागं पत्र्याची खोली आहे. मी टॉवेलच्या कडा शिवून देते, तो माल तिथं असतो. मधे लोखंडी खांब आहे. सिद्धूला त्या खांबाला बांधायला घेतलं, पण ह्यांची गाठ टिकेना. मला म्हणाले, “तू बांध. तुझ्या गाठी सुटत न्हाईत.” वीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं केलेलं हे एकच कौतुक.

दोरी रुतेल म्हणून मी सेकंडच्या टॉवेलांच्या, म्हणजे डाग पडलेल्या मालाच्या, पट्ट्या फाडल्या. मऊ पाहून घेतल्या. एवढी माया होती माझी. पण गाठ मारताना माझ्या हातांना एकच गाठ येत होती, गठ्ठ्याची. शंभर टॉवेलांचा गठ्ठा ट्रकमध्ये हलला तरी सैल पडू नये म्हणून ती तशी असते. ओढाल तितकी आवळते. माणूस ओढणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दसऱ्यानंतरचे पहिले दोन दिवस धरून नऊ दिवस चाललं हे. मी भाकरी कुस्करून त्याला हातानं भरवत होते. चौथ्या दिवशी म्हणाला, “वहिनी, जरा सैल करा की. बोटं मुंग्यांची झालीत.” मी म्हणाले, उद्या करते. पाचव्या दिवशीही म्हणाले, उद्या करते.

मग तो आपोआप शांत झाला. आम्ही सोडलं, अव्वांनी त्याच्यावरून लिंबू उतरवलं, आणि ते नऊ दिवस घरातून पुसले गेले. कुणी ठरवलं नाही. फक्त त्या खोलीत काही आणायला जायचं असलं की सगळे मलाच पाठवायला लागले.

पुढं महिन्याभरात तो उतरत गेला. अंघोळ नाही, काम नाही, भिंतीकडं तोंड. एक दिवस म्हणाला, “वहिनी, मी नसलो तर तुमची एक भाकरी वाचंल.” तेव्हा मी हटून बसले आणि झीनत मॅडमचा पत्ता काढला. झीनत मॅडम मनाच्या आजाराच्या डॉक्टर.

त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, “याच्या उलट कधी झालं का? झोप नको, थकवा नाही, बोलणं थांबत नाही, मी वाट्टेल ते करू शकतो असं वाटणं?”

“छे,” हे म्हणाले.

“आमच्यात तसलं कुणाला न्हाय,” अव्वा म्हणाल्या. “लई गरीब हाय माजं लेकरू.”

मॅडमनी नाडी बघायला सिद्धूची बाही वर केली. मनगटाभोवती काळपट कडं होतं. दोन्ही हातांना. “हे कशानं?”

सिद्धूनं मान वर केली. दिवसचे दिवस तो कुणाकडं बघत नव्हता, पण तेव्हा माझ्याकडं बघितलं. “मागाच्या पट्ट्यात हात आला,” तो म्हणाला. “व्हय की नाही, वहिनी?”

मी मान हलवली.

आजवर पुष्कळ खोटं बोललेय मी. पण ज्याला बांधलं त्यानंच माझ्यासाठी खोटं शोधून द्यावं, आणि मी ते ओंजळीत घ्यावं, असं कधी झालं नव्हतं.

मॅडमनी उदासीच्या गोळ्या दिल्या आणि मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही लिहित्या दिसता. दसऱ्यापासूनचं आठवेल तसं वहीत लिहा. झोप किती, खाणं किती, बोलणं किती. पुढचंही रोज लिहा.” मला मोठं बरं वाटलं. लिहित्या दिसता असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आठवायचीही गरज नव्हती. घरच्या दिनदर्शिकेवर दुधाच्या खुणांशेजारी मी सगळं टिपून ठेवलं होतं. ‘झोप दोन तास.’ ‘गाणी.’ ‘टाकी.’ ‘बांधलं.’ नवी वही आणून मी ते फेअर करायला बसले. हे मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, “ते नऊ दिवस नको घेऊ. पोलिसात द्यायची बाई आपल्याला.”

मग मी माझ्या सगळ्यांत सुंदर अक्षरात नऊ वेळा लिहिलं, ‘ठीक’. वेलांट्या अशा काढल्या की बक्षीस मिळावं.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपता संपता सिद्धू पुन्हा बोलायला लागला. घरात आनंद. अव्वांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर केली, त्यानं तीन वाट्या खाल्ल्या. मग तीन तास झोप, मग दोन. मी गोळ्यांच्या खोक्यातला घडीचा कागद काढला, डिक्शनरी मांडीवर घेतली आणि दोन दिवस शब्द लावत बसले. त्यात लिहिलं होतं, आधी कधी असा चढ आला असेल तर ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना सांगा. मी कागद घडी करून परत खोक्यात ठेवला. घडी नीट बसत नव्हती. ती मी परत परत घालत राहिले.

“सिद्धाराम,” आतून हाक आली.

आम्ही चौघं आत गेलो. सिद्धूनं मॅडमना त्यांच्या पंख्याचं, खिडकीचं आणि मग सरकारचं काय चुकतंय ते सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. पाच मिनिटं, मधे न तोडता. मग त्यांनी माझी वही उघडली.

“ताई, नोंदी फार छान ठेवल्यात. नोव्हेंबरमध्ये रोजचं वेगळं आहे. एके दिवशी अर्धी भाकरी, एके दिवशी पाव. पण ऑक्टोबरमध्ये हे नऊ दिवस बघा. ठीक, ठीक, ठीक. इतकी ठीक तर मीसुद्धा नसते.”

हे खुर्चीत पुढं सरकले. “म्हंजे तेव्हा बराच होता मॅडम. कामावर जायचा.”

मॅडमनी वही मिटली. “मी सरळ सांगते. नुसत्या उदासीचा आजार वेगळा आणि चढ-उताराचा वेगळा. खाली पडलेला माणूस दोन्हींत सारखाच दिसतो. फरक कळतो तो कधी वर गेला होता का, यावरून. ते रक्तात दिसत नाही, फोटोत येत नाही. घरच्यांनी सांगितलं तरच मला कळतं. आता हा चढलाय, तो माझ्या गोळीनंही असेल. गोळी मी आजच थांबवते. पण हे पहिल्यांदाच असेल तर माझा इलाज एक. आणि आधीही झालेलं असेल तर त्याला दुसरं औषध लागेल, वर्षानुवर्षं. ते दिलं नाही तर हा परत वर जाणार, परत खाली पडणार. खाली पडल्यावर काय करून घेईल ते मी सांगू शकत नाही.” त्यांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. “मला कुणाची चूक काढायची नाही. आधी असं झालं होतं का?”

“न्हाई मॅडम,” हे म्हणाले. “पैल्यांदाच.”

“शिवा शिवा,” अव्वा म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

मॅडमनी सिद्धूला विचारलं, “तुम्ही सांगा. दसऱ्यानंतर काय झालं?”

पहाटेपासून एक क्षण न थांबलेला सिद्धू गप्प झाला. त्याचे ओठ हलत होते. आत केवढं बोलणं दाटलं असेल, ते त्यानं दातांनी धरून ठेवलं होतं. गुडघे नाचत होते. त्यानं शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या, आधी डावी, मग उजवी. बटण लागेना, तर मुठीत धरून ठेवली. आणि माझ्याकडं बघून हसला. घाबरू नका, मी आहे, असं.

तो आजारी होता. त्याच्या डोक्यात शंभर माग एकदम चालले होते. तरी त्यातून जागा काढून तो मला सांभाळत होता.

“मॅडम,” मी म्हणाले.

“भुवना,” हे म्हणाले. हळू, दटावल्यासारखं नाही. विनवल्यासारखं.

“झालं होतं, मॅडम. दसऱ्यानंतर. वहीतलं खोटं आहे.”

अव्वांनी माझा दंड धरला. नखं लागली.

“किती दिवस?” मॅडमनी पेन उचललं.

“नऊ. झोप नाही, थांबणं नाही. टाकीवर चढला होता. आणि तो मागात हात-बीत काही आला नव्हता. आम्ही त्याला खांबाला बांधून ठेवलं होतं. सैल कर म्हणाला, तरी मी केलं नाही. बांधलं मी.”