तेलाचा हात

सकाळी ती प्रयोगशाळेच्या प्राणीगृहात शिरली तेव्हा पिंजऱ्यात पिल्लं नव्हती. भुशावर थोडं रक्त होतं आणि पांढरी उंदरीण मिशा साफ करत बसली होती, जेवून उठलेल्या माणसासारखी निवांत.

"झालं कल्याण!" मागून घारी म्हणाली. घारी तिच्यामागून पीएचडीला आलेली. ही बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हापासून हिच्या खुर्चीत बसून ती खुर्ची उबदार ठेवणारी. "सरांना मी सांगू, की तू सांगतेस?"

सांगायची वेळच आली नाही. सर दारातच उभे होते.

"काय मातोश्री? रजा संपली, पण डोकं अजून पाळण्यातच आहे वाटतं?"

काम खरं तर सोपं होतं. पिल्लं आईपासून थोडा वेळ लांब ठेवायची, वजन करायचं, पुन्हा आईकडे सोडायची, पिऊन झाली की पुन्हा वजन. वाढलं तेवढं दूध. फक्त आईला बिचकवायचं नाही; दचकलेली उंदरीण स्वतःचीच पिल्लं खाते. पण काल घरून निघताना बाळ तिला सोडेना. त्याला तेल लावलेल्या हातांनीच ती धावत सुटली आणि घाईत हातमोजे घालायचे राहिले.

"सर, माझ्या हाताला तेलाचा वास होता. त्यामुळे तिनं पिल्लांना परकं मानलं असणार."

"असणार?" सरांनी घारीकडे बघून भुवया उडवल्या. "शास्त्रात असणार-बिसणार नसतं. दाखव. शेजारचा पिंजरा घे. तेच तेल, तसाच हात. हिनंही पिल्लं मारली तर कारण तुला कळलं होतं म्हणेन, एक चूक पोटात घालेन. नाही मारली, तर तुझा हातच कच्चा आहे. मग सगळे पिंजरे घारीकडे आणि तू घरी बाळ खेळवत बस. तासाभरात येतो."

तेलाची बाटली तिच्या पिशवीतच होती, लंगोटांखाली. तिनं ती तळहातावर उपडी केली. पिल्लं कालच जन्मलेली. केस नाहीत, डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून पांढरं दिसावं. एकेकाला तिनं पाठीवरून, मानेवरून चोळलं. बोटं आपोआप हळू झाली. मग सगळ्यांना आईपुढे ठेवलं, झाकण लावलं आणि स्टुलावर बसली.

उंदरीण पुढे आली. पहिलं पिल्लू हुंगलं. थबकली.

'खा,' ती मनात म्हणाली. 'खा ना गं बाई.'

आपण काय म्हणालो ते तिला कळलं, पण नजर काही हलली नाही. उंदरिणीनं पिल्लू उताणं केलं आणि चाटायला घेतलं. पोट, पाय, शेपूट. तेल सगळं चाटून स्वच्छ केलं, पिल्लू तोंडात धरून कोपऱ्यातल्या घरट्यात नेलं आणि दुसऱ्यासाठी परत आली.

फोन वाजला. सासूबाई होत्या. "अगं, बाटली तोंडातच धरत नाहीये. रडून लालबुंद झालंय नुसतं."

मागचं रडणं तिला ऐकू आलं आणि ब्लाउज दुधानं ओला झाला. "आई, थोडं खांद्यावर घेऊन फिरवून बघा ना. येतेच मी."

"येतेच म्हणजे कधी?"

"काम संपलं की."

फोन ठेवला तोवर सगळी पिल्लं घरट्यात पोचली होती. उंदरीण त्यांच्यावर कमान करून पसरली होती, आणि पिल्लं खालून ढुशा देत होती.

घारीनं दारातून डोकावलं. "काय, बसली का पाजायला? सर निघालेत हं वरून." आणि हसत गेली.

तिनं झाकण उघडलं. आणखी तेल लावावं म्हणून हात आत घातला. उंदरीण घरटं सोडून आली, तिचं बोट हुंगलं, चाटलं. मग ते बोट दातांत अलगद धरलं, अजिबात न चावता, आणि घरट्याकडे ओढू लागली. राहून गेलेलं एखादं पिल्लू ओढावं तसं.

जिन्यावर सरांच्या बुटांचा आवाज आला.

तिनं बोट सोडवून घेतलं. झाकण बंद केलं आणि त्यावर तळहाताने जोरात थाप मारली. उंदरीण दचकून कोपऱ्यात सरकली. तिनं पिंजरा दोन्ही हातांनी धरला आणि हलवला, पुन्हा हलवला, उंदरीण पिल्लांना तुडवत गरगर फिरू लागेपर्यंत हलवत राहिली.