रॅम्पवरची पंधरा मिनिटं

पांढरी जीप चौथ्यांदा पुढे आली तेव्हा रांगेतला पहिला हॉर्न वाजला.

जैनुद्दीन फणसोपकर रांगेत तिसरा होता. ओमानमधल्या अझैब्याच्या किनाऱ्यावरचा हा रॅम्प म्हणजे थेट पाण्यात गेलेला सिमेंटचा उतार. गाडीला ट्रेलर, ट्रेलरवर बोट. गाडी उलटी घेत ट्रेलर पाण्यात न्यायचा, बोट सोडायची आणि रिकामा ट्रेलर घेऊन निघून जायचं. शुक्रवारी सकाळी पंधरा-वीस गाड्या असत आणि उतार एकच. पाटी कुठे नव्हती, तरी रिवाज ठरलेले होते. दोर, बोटीच्या तळाचं बूच, बर्फाची पेटी, सगळं वरच्या मैदानात तयार करून मगच खाली यायचं. उतारावर गप्पा मारायच्या नाहीत. आणि पाच मिनिटांच्या वर जागा अडवायची नाही.

बावीस वर्षं जैनुद्दीन आपल्या अर्बाबची, म्हणजे ओमानी मालकाची, बोट इथे उतरवत होता. रांगेत थांबण्याचा त्याला कधी कंटाळा येत नसे, कारण त्याला माणसं बघायला आवडायची. गाडी उलटी घेताना माणूस जसा वागतो तसाच तो घरी वागत असणार, असं त्याचं मत होतं. कोण बायकोवर ओरडतो, कोण चूक झाली की टायरला लाथ मारतो, सगळं त्याच्या ध्यानात राहायचं.

ही जीप मात्र त्याला उमगत नव्हती. चालवणारी बाई साठीच्या आसपासची, केस बारीक कापलेले. शेजारी नवरा असावा. तो मान वळवत नव्हता की काही बोलत नव्हता. ट्रेलर दर वेळी तिरका जायचा, बाई गाडी पुढे घ्यायची आणि शांतपणे पुन्हा सुरुवात करायची. एक दांडगा इजिप्शियन माणूस काचेवर टकटक करून आला. पाठोपाठ एक पोरगेलासा ओमानी गेला. चावी द्या, आम्ही लावून देतो, असं दोघांनी सांगितलं असणार. बाईने दोघांनाही मान हलवून परत पाठवलं. पंधरा मिनिटांनी बोट पाण्यात गेली.

बाईने गाडी मैदानात लावली, मागून व्हीलचेअर काढली, नवऱ्याला बसवून बाजूच्या धक्क्यावर आणलं आणि आता मात्र स्वतःहून हात करून माणसांना बोलावलं. नवऱ्याला बोटीत उतरवायचं होतं. जैनुद्दीनही गेला. उचलताना बाई घाईत म्हणाली, "सावकाश हं, त्यांचा उजवा हात सांभाळा."

जैनुद्दीनने चमकून वर पाहिलं. "धरलाय बाई," तो मराठीत म्हणाला.

मग दोन मिनिटं ओळखपाळख झाली. बाईंचं नाव सिंथिया, मूळच्या वसईच्या. नवरा पायस इथल्या एका हॉटेलात अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्सचा सुपरवायझर होता. गेल्या वर्षी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. जैनुद्दीनने आपण रत्नागिरीकडचे, माबेल्याला राहतो, असं सांगितलं आणि पुढच्या शुक्रवारपासून गाडी मी लावून देत जाईन, दोन मिनिटांचं काम आहे, असंही सुचवलं.

"नको," सिंथिया म्हणाल्या. पुढे आभाराचा एक शब्द नाही.

जैनुद्दीनला राग आला नाही. तो कोड्यात पडला. नवऱ्याला उचलायला परकी माणसं चालतात, मग चावी द्यायला काय हरकत? माबेल्याच्या खोलीवर आल्यावर त्याने फोनवर हे बायकोला, बिलकीसला, सांगितलं. ती गावी, जयगडच्या खाडीकाठी, सुनेबरोबर राहायची. बिलकीसचं म्हणणं पडलं की गाडी नवऱ्याची असणार, आणि नवऱ्याची वस्तू बाई दुसऱ्याच्या हातात देत नाही. जैनुद्दीनला ते पटेना. बोटीचा दोर दिला होता की तिने हातात.

"तुमाला काय पडलंय पण त्याचं?" बिलकीसने विचारलं.

काय पडलं होतं ते त्यालाही सांगता येईना. पण पुढचे दोन शुक्रवार तो अर्धा तास लवकर आला आणि लांबून बघत राहिला. दोन्ही वेळा तेच. तिरका ट्रेलर, हॉर्न, काचेवर टकटक, बाईंचा नकार. बारा मिनिटं, मग चौदा मिनिटं.

तिसऱ्या शुक्रवारी अर्बाबचा थोरला मुलगा यासिर सोबत आला. त्याच्याबरोबर दुबईहून आलेले तीन पाहुणे होते. त्यांच्याशी मोठा सौदा व्हायचा होता आणि तो समुद्रावरच पक्का करायचा असं यासिरने ठरवलं होतं. ओहोटी लागली होती. अर्बाबची बोट तीस फुटी, जड. पाणी एका खुणेच्या खाली गेलं की ट्रेलरची चाकं सिमेंटच्या कडेवरून घसरत, मग भरती येईपर्यंत बोट उतरवता येत नसे. आणि त्यांच्या नेमकी पुढे पांढरी जीप होती.

जीप दुसऱ्यांदा पुढे आली. यासिरने घड्याळ पाहिलं. "जाके चाबी ले लो," तो जैनुद्दीनला म्हणाला. "दो मिनट का काम है."

जैनुद्दीन उतरला. पायसच्या बाजूच्या काचेजवळ गेला. तोच आहे हे बघून सिंथियांनी काच खाली केली. तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर आत गेली.

पायसचा डावा हात बायकोच्या मनगटावर होता. त्याच्या बाजूचा आरसा खाली, ट्रेलरच्या चाकांवर वळवलेला होता आणि त्याचे डोळे त्या आरशात होते. त्याने बोटं एकदा दाबली, बाईंनी स्टिअरिंग थोडं फिरवलं. दोनदा दाबली, त्यांनी ते उलट फिरवलं. तळवा सपाट पडला तशी गाडी थांबली.

"तेच घेतायत उलटी," सिंथिया हळू आवाजात म्हणाल्या. "मी नुसतं फिरवते. माझाच हात चुकतो, त्यांचा नाही चुकत. दिवसभर सगळे त्यांचं करत असतात, भाऊ. त्यांनी करायचं असं हे एवढंच उरलंय."

जैनुद्दीनने खिडकीवरचा हात काढून घेतला.

"कोणाला सांगू नका. लोक आत डोकावायला लागले तर ते घराबाहेरच पडायचे नाहीत."

पायसने मान किंचित हलवली आणि डाव्या हाताने त्याला बाजूला व्हायची खूण केली. जैनुद्दीन आरशाच्या आड उभा होता. मजूर मध्ये आला की सुपरवायझर जसं बघतो तसं पायस त्याच्याकडे बघत होता. जैनुद्दीन चटकन बाजूला झाला.

तो परत आला तो आपल्या गाडीत बसला नाही. एक पिकअप कडेने घुसू पाहत होती, तिच्यापुढे हात करून तो उताराच्या तोंडाशी उभा राहिला. हॉर्न वाजत राहिले. यासिर खाली उतरून आला.

"चाबी?"

"नहीं लिया."

"क्यूं?"

कारण सांगितलं असतं तर यासिरला ते समजलं असतं. तो काही दुष्ट माणूस नव्हता. पण मग तो आत बघायला गेला असता, त्याच्यामागून पाहुणे गेले असते आणि दुपारपर्यंत सगळ्या रॅम्पला कळलं असतं. जैनुद्दीन खाली बघत म्हणाला, "मेरे को लगा, उनको करने देना चाहिए."

यासिरने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पाहुणेही पाहत होते. आणखी दोन खेपांनी सिंथियांची बोट पाण्यात गेली, पण तोपर्यंत पाणी खुणेच्या खाली उतरलं होतं. यासिर "खलास" म्हणाला आणि पाहुण्यांना घेऊन हॉटेलात जेवायला गेला. बोट ट्रेलरवर तशीच परत आली.

रविवारी म्हाताऱ्या अर्बाबने बोलावलं. तो ओरडला नाही. बावीस वर्षांत तू कधी शब्द मोडला नाहीस, मग त्या दिवशी काय झालं, एवढंच त्याने विचारलं. माझी चूक झाली, असं जैनुद्दीन म्हणाला. अर्बाब आणखी थोडा वेळ वाट बघत राहिला आणि मग त्याने मान हलवली. पुढच्या आठवड्यापासून जैनुद्दीनला आपल्या मत्रहच्या दुकानात माल पोचवायच्या कामावर टाकलं. पगार तोच राहिला. बोटीची गाडी एका नव्या ड्रायव्हरकडे गेली आणि जैनुद्दीनला शुक्रवारची सुट्टी मिळाली. त्या दिवशी कपडे धुऊन झाले की करायचं काय, हे त्याला कळत नसे. बिलकीसला त्याने कामाची जागा बदलली एवढंच सांगितलं. तिने कारण विचारलं तेव्हा म्हणाला, वय झालं.

साडेचार महिन्यांनी एका संध्याकाळी सिंथिया मत्रहच्या दुकानात आल्या. नव्या ड्रायव्हरकडून पत्ता काढत आल्या होत्या. जैनुद्दीनने गोण्यांमधली खुर्ची झटकून त्यांना बसायला दिली आणि समोरून चहा मागवला.

पायस मागच्या महिन्यात गेला होता. दुसरा झटका, पहाटे, घरीच. बोट विकली. मुलगी इरीन वसईला बोलावते आहे, पंधरा दिवसांत निघायचं. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. मग म्हणाल्या, "तुमचं मला आत्ता कळलं. त्या ड्रायव्हरने सांगितलं. मी तुमच्या यासिरला भेटते. खरं काय ते सांगते. आता लपवायचं काय राहिलंय?"

जैनुद्दीनने विचार केला. "नको, बाई," तो म्हणाला. "त्याला उगाच वाईट वाटंल. आणि हितं बरंय मला. सावलीत असतो."

सिंथियांनी आग्रह केला नाही. चहा आला. बाहेर हमाल गाड्यावरून पेट्या उतरवत होते.

"एक विचारू?" जैनुद्दीन म्हणाला. "राग मानू नका. तुम्ही बोट घेऊन जायचात कुठं?"

सिंथिया पहिल्यांदा हसल्या. "कुठंच नाही. त्या पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जायचो आणि इंजिन बंद करायचो."

"मग?"

"मग ते झोपायचे. झटका आल्यापासून त्यांना घरी झोप नव्हती, गोळीनेही यायची नाही. पाण्यावर बोट हलायला लागली की लगेच लागायची. पाऊण तास, कधी तासभर. घोरायचे सुद्धा."

जैनुद्दीनने हातातला कप खाली ठेवला.

"आणि तुम्ही काय करायचात तोपर्यंत?"

"ऊन असायचं ना त्यांच्या तोंडावर," सिंथिया म्हणाल्या. "मी छत्री धरून बसायचे."