पालाबाबाचं जांभळं पाणी

वैशाखरे गावापलीकडच्या पाड्यावर त्या मंगळवारी खळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. भाताच्या झोडणीलाही कधी एवढी माणसं जमली नव्हती. मधोमध पाटावर पालाबाबा बसलेले, पुढ्यात काचेचं भांडं, भांड्यात पाणी. खोकला असो, कावीळ असो की मूल होत नसो, औषध एकच.

"विष आत दडून बसतं," बाबा सांगत होते. "डॉक्टरच्या मशीनला दिसत नाही, आम्ही काढून दाखवतो. सिद्धगडावरचा पाला आहे. अँटिऑक्सिडंट! पेपरात आलंय, अमेरिकेनं मानलंय. अँटी म्हणजे विरुद्ध, ऑक्सिडंट म्हणजे विष."

अमेरिकेला सिद्धगडाचा पत्ता कोणी कळवला, ते काही बाबांनी सांगितलं नाही.

त्यांनी समोर बसलेल्या नवशाच्या तळव्यावर अंगारा चोळला आणि हात भांड्यात बुडवायला लावला. पाणी जांभळं झालं. बायका मागे सरकल्या. मग बाबांनी हिरवा रस ओतला, वर लिंबू पिळलं. जांभळा रंग बघता बघता मावळला.

"गेलं विष. पण गोळ्यांना शिवायचं नाही. गोळी आणि पाला पोटात भांडतात."

पाला कसला, हे कोणी विचारत नव्हतं. रानातल्या औषधाचं नाव घेतलं की त्याचा गुण जातो, हे पाड्यावरचं लहान पोरही जाणून होतं. बाबांच्या ते पथ्यावरच पडलं होतं.

गर्दीच्या मागे उपकेंद्राची नर्स अनिता उभी होती. ती नवशालाच शोधत आली होती. नवशाला क्षय होता. उपकेंद्राच्या फळीवर त्याच्या नावाची गोळ्यांची पेटी होती आणि दिवसाआड येऊन त्यानं अनितासमोर गोळ्या घ्यायच्या होत्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंग भरलं, आणि मग पालाबाबा आले. आजचा हा नवशाचा सहावा मंगळवार. विष दर मंगळवारी जात होतं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा निघत होतं. गालाची हाडं मात्र वर आली होती.

अनिताला राग आला तो आधी स्वतःचाच. सहा आठवडे ती निरोपांवर विसंबून राहिली होती. मग तिची नजर बाबांच्या बोटांवर गेली. टोकं तपकिरी पडलेली. तिची स्वतःची बोटंही तशीच होती, जखमा धुवायचं, पाण्यात पडलं की जांभळं होणारं लाल औषध कालवून कालवून.

ती तडक उपकेंद्रात गेली आणि लाल औषधाची पुडी घेऊन परतली. वाटेत एकाच्या परसातला पेरूचा पाला ओरबाडला.

"मावशी, तुमचा वरवंटा द्या जरा," ती नवशाच्या आईला, धोंडीबाईला म्हणाली.

"वरवंटा कनाला गो बाई?"

"त्याचं विष काढायचंय."

चुलीतल्या राखेत पुडीतले चार खडे चुरून तिनं ती राख वरवंट्याला फासली आणि तो पाण्यात बुडवला. पाणी जांभळं झालं.

"आता या दगडालाही क्षय झालाय का?"

खळ्यात हशा पिकला. अनितानं पाला ठेचून पिळला, लिंबू पिळलं. रंग गेला.

"हा पेरूचा पाला. पेरूचा," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पानाला ऊन आणि हवा बाधू नये म्हणून त्यात काही द्रव्यं असतात. तीच ही अँटिऑक्सिडंट. ती खरीच आहेत, चांगलीही आहेत. बाबांच्या अंगाऱ्यातल्या लाल औषधाचा जोर ती मोडतात, म्हणून रंग जातो. नवशाच्या छातीतले जंतू त्यानं मरत नाहीत. ते गोळ्यांनीच मरतात."

बाबांना एकाएकी मुरबाडच्या भक्ताची आठवण झाली. मोटारसायकल सुरू करून ते निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवशा उपकेंद्रात आला. अनितानं उपचार पुन्हा सुरू केले. ती त्या दिवशी फार खूश होती. पण मधल्या खंडात जंतू गोळ्यांना निर्ढावले होते. नवशाला तालुक्याला नेलं, मग जिल्ह्याला. होळीच्या आठवडाभर आधी तो गेला.

दहाव्यानंतर अनिता भेटायला गेली. धोंडीबाईंनी तिला पाणी दिलं, बसायला गोणपाट टाकलं.

"तुजा राग नाय गो बाई," त्या म्हणाल्या. "तू लेकीवानी धावलीस. पन त्या दिशी तू नाव घेतलास. चार मान्सांत घेतलास. पाल्याचा गुन गेला, तवा माजा नवशा गेला."

"मावशी, त्यात गुण नव्हताच. तुम्ही वरवंटा बघितला ना?"

"बगितला ना. म्हनून तर सांगतंय. नाव घेईपरत पोरगा चालत व्हता."

दारातल्या दोन बायका धोंडीबाईंच्या बोलण्याला मान डोलावत होत्या. त्यांनीच खळ्यात पोट धरून हसून घेतलं होतं.

पालाबाबा आता खर्डीकडे बसतात असं कळतं. म्हणून वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं. औषध देणाऱ्याला औषधाचं नाव विचारा. सांगत नसेल तर तिथून उठा. आणि चालू गोळ्या बंद करायला लावत असेल, तर आजारी माणसाचा हात धरून त्यालाही उठवा, त्याच दिवशी. सहाव्या मंगळवारी नको. नवशाची पेटी अजून उपकेंद्राच्या फळीवर आहे. निम्म्या गोळ्या शिल्लक आहेत, आणि वर त्याचं नाव लिहिलेलं आहे.